जड झालं म्हणणारा माणूस

सोमवार, ११ नोव्हेंबर २०४१. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे झाली होती आणि इलाही शिकलगारच्या दोन्ही पायांना मिळून आठ बोटे उरली होती.

मार्चमध्ये दहा होती. परवापर्यंत नऊ होती. हे तवनाप्पा मगदूमला कुणी सांगितले नव्हते. मिरजेच्या त्या रुग्णालयात पुरुषांच्या शल्यविभागात शिरताच त्याची नजर मित्राच्या चेहऱ्याआधी पायांकडे गेली आणि पट्टीच्या आकारावरून त्याने तो हिशेब स्वतःच केला. जन्मभर साच्यांमध्ये काम केलेल्या माणसाला बाहेरून पाहून आत काय आहे आणि काय नाही हे कळते.

दया यायला हवी होती. आला तो राग.

"ओढलीस," तो उभ्याउभ्याच म्हणाला.

"ओढली," इलाही म्हणाला. "आता पंचनामा कर."

इलाहीची बायको शमशाद खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसून डबा उघडत होती. "भाऊजी, आधी बसा तरी," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सकाळपासनं लई सुनावलंय."

"सुनावलंच पाहिजे. चार महिने झालं, आम्ही सहाजण विडीबंदी पाळतोय. ह्यालाच तेवढं जमंना. आन् एका शब्दानं कळवलं न्हाई. तीन आठवडं झालं, तुझा एक ठोका न्हाई माझ्या हातातल्या कड्यावर. मला वाटलं, गडी सुधारला."

इलाहीने उशीवरची मान त्याच्याकडे वळवली.

"एक ठोका न्हाई?"

"न्हाई."

"तवण्या, खोटं बोलायला एवढ्या लांब यायचं कारण नव्हतं. रोज दाबत हुतो. दिवसातनं धा येळा. अंगठा दुखायचा. आन् तुझ्या नावानं उत्तरं बी येत हुती. फकस्त ती तुझी नव्हती."

"माझी न्हाई तर कुणाची?"

"ते तू सांग. तुझं कडं कुणाच्या हाताला बांधलं हुतंस? नातवाच्या?"

या संशयाचे मूळ त्यांच्या कारखान्यात होते. दारावर चेहरा ओळखणारे यंत्र येण्याआधी तिथे हजेरीची कार्डे असत, आणि एक माणूस आत येताना सहाजणांची कार्डे पंच करून येई. त्यात कुणाला पाप वाटत नसे. त्यामुळे मित्राच्या नावाने परका हात आला तेव्हा इलाहीला वाटायचे तेच वाटले.

"अठरा वर्सं तुझ्यासंगं लेडल उचललाय," इलाही म्हणाला. "तुझा ठोका मला कळत न्हाई व्हय? पैला लांब, दुसरा तुटका. घाईत असलास की दुसरा अर्धाच. ह्ये जे येत हुतं ते सकाळी तसंच, रातच्याला तसंच. माणूस कवा एकसारखं दाबतो का? मी म्हटलं, मगदूम सुपरवायझर झालं, आता दोस्तीचा पंच बी दुसऱ्याकडनं मारून घेत्यात."

दुसरा कुणी असता तर ओरडला असता. तवनाप्पा रागावला की चाचणी घेत असे. भट्टीतल्या लोखंडाच्या रसावरून वाद झाला की तो बोलत नसे. नमुन्याची कांडी ओतायचा, थंड करायचा आणि हातोड्याने तोडून आतला रंग समोर धरायचा. त्याने मनगटावरचे कडे उतरवले.

"भाभी, ते झाकण द्या."

स्टीलचे पालथे झाकण त्याने खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर ठेवले आणि कडे त्यावर ठेवले. कड्यात जराशी जरी थरथर झाली असती तरी झाकण खणखणले असते.

"दाब," तो म्हणाला.

इलाहीने दाबले. झाकण गप्प राहिले. तिघेही त्याच्याकडे पाहत होते. शेजारच्या खाटेवरचा म्हाताराही मान उंचावून पाहू लागला. मग इलाहीच्या मनगटावरचे कडे दोनदा थरथरले, एक लांब आणि एक तुटका, आणि कड्याच्या पट्टीवर हिरवी अक्षरे उमटली: "तवनाप्पा: मी आहे."

"बघितलंस," इलाही हळूच म्हणाला. "तू हितं हाईस, कडं तिथं हाय. मग ह्यो कोण?"

तवनाप्पाने आपले कडे उचलून पुन्हा हातात घातले. आतापर्यंत त्याचा राग इलाहीवर होता. आता त्याला नवा पत्ता मिळाला होता.

*

हे कडे काय होते आणि ते या सात माणसांच्या हातावर का आले, हे थोडक्यात सांगितले पाहिजे.

तलफ ही एक लाट असते. मेंदूतील निकोटिनची ग्राहकस्थाने रिकामी राहिली की ती उठते, चढते, आणि तिच्या तोंडी काही न देता तिला तसेच सोडले तर काही मिनिटांत आपोआप ओसरते. ओढणाऱ्याला हे ओसरणे माहीत नसते, कारण ते पाहण्याइतका वेळ तो कधी थांबलेलाच नसतो. तलफ वाढतच जाईल आणि शेवटी आपल्याला खाऊन टाकेल, अशी त्याची समजूत असते. विडी सोडणे अवघड होते ते पुष्कळसे या समजुतीमुळे.

कडे ही लाट उठतानाच ओळखत असे. घामाने त्वचेची वाढलेली विद्युतवाहकता, नाडीच्या लयीतला बदल आणि हात ओठांकडे नेण्याची ती सवयीची हालचाल, या तिन्हींची सांगड घालून ते साखळीतल्या इतर कड्यांना इशारा देई. घालणाऱ्याने स्वतः दाबले तरी इशारा जाई. ज्याला तो मिळे त्याने आपले कडे दाबायचे. त्याच्या बोटाचा दाब आणि कालावधी जसाच्या तसा दुसऱ्याच्या मनगटावर उमटे. संशोधकांना असे आढळले होते की लाट चढत असताना ओळखीच्या माणसाचा असा जिवंत स्पर्श पोहोचला तर तिचा शेंडा निम्म्याने खाली येतो. उपदेशाचे ध्वनिमुद्रण ऐकवले तर काहीच होत नाही. कल्पना उत्तम होती. तवनाप्पाने ती शेवटपर्यंत उत्तमच मानली.

दुसरी गोष्ट मनाची. "मला ओढायला बंदी आहे" असे म्हणणारा लवकर ढासळतो आणि "मी ओढत नाही" असे म्हणणारा टिकतो, हेही खरे आहे. म्हणून दर रविवारी कडे दोन प्रश्न विचारी. या आठवड्यात ओढावेसे वाटले का? पुन्हा ओढाल असे वाटते का? उत्तर, आवाजातला कंप आणि झोप यांवरून प्रत्येकाचा शंभरपैकी एक आकडा निघे. त्याला निर्धारांक म्हणत. तो कामगारांना दाखवला जात नसे.

हातकणंगल्याच्या पुढे औद्योगिक वसाहतीत असलेल्या त्या ओतशाळेला परदेशी ग्राहक टिकवण्यासाठी धूरमुक्त कारखान्याचे प्रमाणपत्र हवे होते. म्हणून ओतकाम विभागातल्या सातजणांची साखळी करून त्यांना कडी घालण्यात आली. सहाजणांना ती घालायची होती कारण साहेबांनी सांगितले होते. इलाहीला ती हवीच होती. त्याला जो आजार होता त्यात हातापायांच्या रक्तवाहिन्या सुजून बुजत जातात, आणि आजार वाढतो तो तंबाखूवर. विडी पूर्ण सोडली तर तो बहुधा असेल तिथे थांबतो. एक जरी चालू ठेवली तरी आधी बोट जाते, मग पाऊल, मग गुडघा. डॉक्टरांनी त्याला हे चित्र काढून समजावले होते.

आता लेडलविषयी. मोठ्या साच्यांसाठी क्रेन आहे, पण लहान साच्यांत लोखंडाचा रस आजही दोन माणसे ओततात. मधे रसाचे भांडे, दोन्ही बाजूंना लांब दांडा, एक माणूस पुढे आणि एक मागे. चेहऱ्यावर ढाल, कानांत पंख्यांचा आवाज, त्यामुळे बोलणे ऐकू जात नाही. मागचा दांड्यावर अंगठ्याने ठोका देतो आणि पुढचा समजून चालतो. तिथे एकच शब्द ओरडायची मुभा आहे, तो म्हणजे "जड". हात भरून आले की तो म्हणायचा. म्हटला की दोघांनी थांबायचे आणि लेडल वाळूवर टेकवायचा. का म्हणून कुणी विचारायचे नाही, कुणी हसायचे नाही. जुन्या लोकांचा नियम असा की जड म्हणणाऱ्याबरोबर डोळे मिटून लेडल धरावा, आणि जो कधीच म्हणत नाही त्याच्यापासून चार हात लांब राहावे. तो एक दिवस दुसऱ्याच्या पायांवर रस सांडतो.

इलाही वेळेवर जड म्हणायचा. म्हणूनच अठरा वर्षे दोघांचे पाय शाबूत राहिले होते.

*

कारखान्याच्या आरोग्याधिकारी डॉ. केतकी सबनीस तिशीच्या होत्या. कामात चोख, बोलण्यात गोड, आणि कामगारांची नावे लक्षात ठेवणाऱ्या. तवनाप्पाने मंगळवारी सकाळी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती मधे न बोलता ऐकली.

"कडं हातात नसताना उत्तर गेलं?" त्यांनी विचारले.

"गेलं. माझ्या नावानं."

"तसं व्हायला नको होतं, मगदूमकाका. ती त्रुटी आहे. मी आजच दुरुस्त करायला सांगते."

तवनाप्पाला क्षणभर वाटले की आपण नीट ऐकले नाही.

"मॅडम, उत्तर माझं न्हवतं. ती त्रुटी न्हाई?"

केतकीबाईंनी पडदा त्याच्याकडे वळवला. त्यांना लपवायचे काही नव्हते. त्यात काही लपवण्यासारखे आहे असे त्यांना वाटतच नव्हते, आणि तवनाप्पाला नंतर सर्वांत जास्त चीड आली ती याची.

"हे बघा. साखळीत एकजण पुन्हा ओढायला लागला की बाकीच्यांचा धोका वाढतो. ही वस्तुस्थिती आहे, हजारो साखळ्यांवरून काढलेली. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्यात पडतो, तसं. म्हणून ज्याचा निर्धारांक चाळीसच्या खाली जातो त्याला प्रणाली हळूच वेगळं करते. त्याचे इशारे इतरांना जात नाहीत. त्याला एकटं वाटू नये म्हणून उत्तरं मात्र मिळत राहतात."

"यंत्राची."

"तुमच्याच ठोक्यांवरून केलेली. सरासरी काढून."

"त्याला सांगितलं हुतं?"

"सांगितलं तर उपयोग होत नाही ना. आपला माणूस उत्तर देतोय असं वाटणं, हाच तर उपचार आहे."

"आन् मला सांगितलं हुतं? की माझा दोस्त हाका मारतोय आन् तुम्ही त्या वाटंतच पुरताय?"

"काका, चिडू नका. निकाल बघा. सातपैकी सहा यशस्वी. इतका चांगला निकाल जिल्ह्यात कुठल्याच कारखान्याचा नाही."

"सातव्याचं बोट कापलं शनिवारी."

केतकीबाईंचा चेहरा खरोखर उतरला. "मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण त्यांचा निर्धार पहिल्यापासूनच कमी होता. तुमचा अठ्ठ्याण्णव आहे."

"त्यानं असं काय सांगितलं रविवारी?"

त्यांनी ते वाचून दाखवले. ओढावेसे वाटले का? "व्हय. रोज वाटतंय." पुन्हा ओढाल असे वाटते का? "सांगता येत न्हाई. जड झालंय. कुणीतरी हात लावा." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही.

"आन् मी काय सांगितलं?"

"'अजिबात नाही.' दर आठवड्याला."

तवनाप्पा खुर्चीवरून उठला. तो दर आठवड्याला खोटे बोलला होता. चहाच्या सुट्टीत टपरीवरून धूर आला की त्याच्या जिभेला पाणी सुटे. पण सुपरवायझरने असे बोलायचे नसते, म्हणून तो "अजिबात नाही" म्हणायचा, आणि यंत्र त्याला अठ्ठ्याण्णव गुण द्यायचे. ज्याने ओतशाळेचा सर्वांत जुना नियम पाळला त्याला दांड्यावरून सोडून देण्यात आले होते, तेही रस भांड्यात असताना, दुसऱ्या टोकाला माणूस आहे असे भासवून.

"मॅडम, त्याला परत जोडा."

"ते माझ्या हातात नाही. नियम प्रणालीचे आहेत. आणि जोडलं तर तुम्हा सहांपैकी किमान दोघे पुन्हा ओढतील. हे मी नाही म्हणत, गणित म्हणतं."

"गणित बरोबर असंल," तवनाप्पा दाराशी थांबून म्हणाला. "पर ते ज्यानं मांडलं त्यानं लेडलला कधी हात लावला न्हाई. तुम्ही बी लावला न्हाई. नाहीतर 'जड झालंय' ऐकून मागच्यामागं दांडा सोडला नसता."

*

त्या रविवारी कड्याने विचारले तेव्हा तवनाप्पाने आयुष्यात पहिल्यांदा खरे उत्तर दिले.

"वाटतंय. रोज वाटतंय. आत्ता सगळ्यात जास्त."

पुन्हा ओढाल असे वाटते का?

"रागाच्या भरात ओढीन बी. जड झालंय."

हे त्याने चाचणी म्हणून सांगितले, पण ते खरे होते. त्याची बायको वारल्यापासून ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती.

दोन दिवस काही झाले नाही. बुधवारी दुपारी कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर त्याला अशी तलफ आली की टपरीवाल्याच्या बरणीवरून नजर हटेना. त्याने कडे दाबले. उत्तरे ताबडतोब आली, पाचही. साखळीतला दिनकर केर्लेकर नेहमी तीन ठोके द्यायचा, दोन खरे आणि एक चेष्टेचा. आज त्याचे तीन आले, पण चेष्टेचा ठोका इतर दोन ठोक्यांइतकाच गंभीर होता. पाचही माणसांचे अंगठे अचानक शिस्तीत दाबू लागले होते.

तवनाप्पाने पुन्हा दाबले. तीच पाच उत्तरे आली, हुबेहूब.

त्याला कळले की इलाही तीन आठवडे कुठे होता. हाक मारावी आणि आपल्याच हाकेला रंग लावून परत पाठवावे, अशा जागी. त्याने बरणीकडे बोट केले, टपरीवाल्याने विडी काढून दिली. ती बोटांत धरून तो उभा राहिला. संताप इतका होता की तलफ आणि संताप वेगळे करता येईनात. मग त्याने ती विडी तशीच, न पेटवता, खिशात टाकली आणि तो ओतकाम विभागाकडे चालू लागला.

चहाची सुट्टी होती. पाचहीजण वाळूच्या ढिगापाशी बसले होते.

"आलं साहेब," दिनकर म्हणाला. "बसा. आमच्यात बसायला परवानगी काढली का?"

"माझा ठोका आला का आत्ता कुणाला?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. कुणालाच आला नव्हता.

"दहा मिन्टं झाली, मी दाबतोय. तुम्हा पाचजणांची उत्तरं आली. दिनकर, तू मला काय उत्तर दिलंस?"

"मी? मी चहा पितोय."

तवनाप्पाने मिरजेत केले होते तेच पुन्हा केले. ओतकामातले रिकामे डबडे पालथे घातले आणि दिनकरचे कडे त्यावर ठेवले. त्याने स्वतःचे दाबले. डबडे वाजले नाही. त्रुटी अजून दुरुस्त झालेली नव्हती. त्याच्या मनगटावर अक्षरे उमटली: "दिनकर: मी आहे."

"आयला," दिनकर म्हणाला. "मी कवापास्नं एवढा कामाचा झालो?"

कुणी हसले नाही. तवनाप्पाने इलाहीचे सांगितले, बोटाचे सांगितले, आणि खिशातली विडी काढून सर्वांसमोर वाळूवर ठेवली.

"जड झालंय," तो म्हणाला. "मला बी. चार महिने झालं, खोटं बोलतोय तुमच्याशी."

मग कोपऱ्यातून एकजण म्हणाला, "मला बी लई वाटतं हो." मग दुसरा. दिनकर शेवटी म्हणाला, "मी तर सोप्नात ओढतो. सकाळी खोकला बी येतो." तेव्हा मात्र सगळे हसले.

सहाही कडी उतरली. एकाने ती भट्टीत टाकू म्हटले. तवनाप्पाने अडवले, भट्टीत बॅटरी फुटते आणि रस उडतो, राग काढायचा तर शिस्तीत काढावा. कडी भंगाराच्या डब्यात गेली आणि डबा केतकीबाईंच्या टेबलावर गेला.

"हे आत्मघातकी आहे," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला होता. "प्रमाणपत्र जाईल. व्यवस्थापन तुम्हाला भट्टीवरून हलवेल. आणि तुमच्यातले दोघे नक्की ओढतील, मी लिहून देते."

"द्या," तवनाप्पा म्हणाला.

*

नवी व्यवस्था अशी होती. ज्याला जड होईल त्याने बाकीच्या सहांना मिस्ड कॉल द्यायचा, दुसरे काही नाही. जो जवळ असेल त्याने हातातले काम ठेवून प्रत्यक्ष जायचे आणि लाट ओसरेपर्यंत शेजारी बसायचे. उपदेश करायचा नाही. का म्हणून विचारायचे नाही. यात विज्ञानाचे नवे काही नव्हते. होते ते एवढेच की आलेला माणूस खरा असे.

पहिल्याच संध्याकाळी तवनाप्पा इलाहीच्या घरी गेला. इलाही कुबड्या घेऊन दारात बसला होता.

"आता कोण आलंय?" त्याने विचारले. "तू का तुझी सरासरी?"

"हात लावून बघ."

इलाहीने खरेच त्याचे मनगट दाबून पाहिले. "घाम येतोय," तो म्हणाला. "म्हंजे तूच." मग म्हणाला, "मी तुझ्या नातवाला शिव्या दिल्या मनात. तीन आठवडं. पोराला सांग, माफ कर म्हणावं."

"त्याला काय सांगायचंय. मी तुला त्याच्यापेक्षा वाईट दिल्या."

व्यवस्थापनाने शब्द पाळला. सहाजणांना भट्टीवरून काढून साचे साफ करायच्या कामावर टाकले. प्रमाणपत्र गेले. आणि केतकीबाईंचे गणितही खोटे ठरले नाही, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. डिसेंबरात एकजण पुन्हा ओढू लागला आणि त्याला परत आणायला दोन महिने लागले. दुसरा खुद्द तवनाप्पा होता.

जानेवारीतल्या एका दुपारी, नव्या सुपरवायझरने सर्वांदेखत त्याला झाडू दाखवला तेव्हा, तो फाटकाबाहेर गेला आणि त्याने विडी पेटवली. अर्धी ओढून झाल्यावर मिस्ड कॉल दिला. बाकीचे पाच पाळीवर होते, फोन फाटकावर जमा केलेले. येण्यासारखा कुणी नव्हता. विडी संपली, त्याने दुसरी पेटवली.

रिक्षातून इलाही उतरला. कुबड्या सावरत, धापा टाकत, टपरीपर्यंत आला आणि बाकड्यावर शेजारी बसला. विडीकडे त्याने पाहिले. त्याच्याही जिभेला पाणी सुटले असणार; त्याचे नाक फुललेले तवनाप्पाला दिसले. त्याने आपला अंगठा बाकड्याच्या लाकडावर दोनदा टेकवला, एक लांब, एक तुटका.

तवनाप्पाने विडी चपलेखाली विझवली.

"तुझा निर्धारांक किती हुता, माहीत हाय?" थोड्या वेळाने त्याने विचारले.

"नको सांगू," इलाही म्हणाला. "चांगला न्हवताच. पर तुझ्यासाठी आलो की माझी तलफ इसरतो. ह्यो हिशेब कुणी मांडला का त्यांनी?"

मांडला नव्हता. ज्याला साखळीतून काढले तो दुसऱ्याला सावरताना स्वतः सावरतो, ही गोष्ट त्या प्रणालीत कुठेच धरलेली नव्हती.

तवनाप्पाचा राग त्या हिवाळ्यात गेला नाही, पुढच्या उन्हाळ्यातही गेला नाही, आणि जावा असे त्याला वाटतही नाही. कडी आता आणखी कितीतरी कारखान्यांत गेली आहेत. त्रुटी दुरुस्त झाली आहे. कडे हातात नसले तर ते घालणाऱ्याच्या नावाने उत्तर जात नाही. शिवाय खोटा ठोका आता रोज निराळा येतो. कधी घाईचा, कधी पेंगुळलेला, कधी चेष्टेचाही. झाकण पालथे घालून तो पकडता येत नाही. कुणाच्या मनगटावर कोण आहे, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०४२ रोजी मिरजेच्या त्याच रुग्णालयात इलाही शिकलगारची वार्षिक तपासणी झाली. तवनाप्पा दाराशी उभा होता. परिचारिकेने दोन्ही पायमोजे उतरवले, प्रत्येक बोटाचा रंग आणि ऊब पाहिली, आणि डॉक्टरांना मोठ्याने आकडा सांगितला.

आठ.